पाटी बदलली, पंगतीचं काय?

7 जुलै 2025 हा सोमवार होता. त्या दिवशी चेन्नईतून एक घोषणा झाली आणि तमिळनाडूतल्या 2,739 सरकारी वसतिगृहांचं एकदम बारसं झालं. कुठे ‘आदिद्रविडर’ वसतिगृह होतं, कुठे ‘मागासवर्ग’, कुठे ‘अतिमागास’, कुठे ‘कळ्ळर’, कुठे ‘अल्पसंख्याक’. या सगळ्यांचं नाव आता एकच: ‘समूग नीदि विडुदी’. सामाजिक न्याय वसतिगृह. मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी दिलेल्या आकड्यानुसार या छपरांखाली 1,79,568 विद्यार्थी राहत होते. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावातली सगळी माणसं उचलून खाटांवर झोपवली, तरी खाटा उरतील.

घोषणा पाटीपुरती होती. कोणत्या वसतिगृहात कोणाला जागा मिळणार, हा नियम तिने हलवला नाही. आदिद्रविडर, म्हणजे आपण अनुसूचित जाती म्हणतो त्या मुलांच्या वसतिगृहांत ढोबळमानाने 85 टक्के जागा अनुसूचित जाती-जमातींना, 10 टक्के मागासवर्गांना आणि 5 टक्के इतरांना, असा हिशेब चालत आला आहे. आपल्या समाजकल्याणच्या वसतिगृहातही असंच गणित असतं, 80 टक्के अनुसूचित जाती आणि उरलेल्या 20 मध्ये बाकी सगळे. म्हणजे सरकारने जातवार वसतिगृह काढलं आणि त्यातच परजातीच्या मुलांसाठी थोड्या खाटा राखून ठेवल्या. आरक्षणाच्या आत उलटं आरक्षण! या खाटा जिने पहिल्यांदा कागदावर मांडल्या, त्या सरकारी लेखणीच्या मनात काय असेल, याचं मला फार कुतूहल आहे. वेगळं ठेवायचं, पण अगदीच वेगळं पडू द्यायचं नाही. हा पेच शंभर वर्षं जुना आहे, आणि तो समजून घ्यायला चेन्नईइतकं दुसरं चांगलं गाव मला तरी दिसत नाही.

चेन्नईच्या सैदापेट भागात एम. सी. राजा यांच्या नावाचं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचं वसतिगृह आहे. 14 एप्रिल 2025 ला, आंबेडकर जयंतीच्या दिवशी, तिथे दहा मजली नवी इमारत उघडली. हे राजा कोण? मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटचे, पेशाने शाळामास्तर, आणि मद्रासच्या विधान परिषदेत बसलेले अस्पृश्य समाजाचे पहिले प्रतिनिधी. सरकारी कागदांत त्यांच्या समाजाला ‘परैयर’ किंवा ‘पंचम’ म्हणत. हे शब्द कागदांतून जावेत आणि तिथे ‘आदिद्रविड’ लिहावं, म्हणून राजांनी परिषदेत जोर लावला, आणि 1922 मध्ये सरकारने तसा हुकूम काढला. ‘या भूमीचे आम्ही मूळ लोक’ असा त्या शब्दातला दावा होता. तो मागून मिळालेला नव्हता, भांडून मिळवलेला होता.

आणि 2025 मध्ये, बरोबर 103 वर्षांनी, तोच शब्द पाटीवरून उतरवण्याची घोषणा झाली. कारण दिलं गेलं ते भेदभावाचं: या नावांमुळे मुलांवर शिक्का बसतो. दोन्ही वेळा सरकारचा हेतू एकच, मुलाची मान ताठ राहावी. एकदा त्यासाठी शब्द चढवावा लागला, एकदा उतरवावा लागला. मधल्या शतकात शब्द तोच राहिला, बघणाऱ्यांची नजर मात्र त्याला चिकटत गेली. 2025 च्याच एप्रिलमध्ये तमिळनाडू सरकारने ‘कॉलनी’ हा शब्दही सरकारी नोंदींतून काढण्याचं जाहीर केलं होतं. आपल्याकडे कॉलनी म्हणजे बँकवाल्यांची, प्रोफेसरांची, तुळशीवृंदावनाची. तिकडे तोच शब्द दलित वस्तीला लावून लावून शिवीसारखा झाला होता.

पण वसतिगृहाची गोष्ट सुरू होते ती सैदापेटच्याही आधी, समुद्राजवळच्या ट्रिप्लिकेनमध्ये. तमिळमध्ये तिरुवल्लिक्केणी. पार्थसारथीच्या देवळाभोवतालचा हा जुना भाग, आजही बॅचलरांच्या खोल्यांनी आणि खानावळींनी गजबजलेला. साधारण 1916 च्या सुमारास इथे सी. नटेश मुदलियार नावाच्या एका डॉक्टरांनी विद्यार्थ्यांसाठी घर उघडलं: ‘द्रविडियन होम’. ब्राह्मणेतर मुलांसाठी.

असं घर का लागावं? खेड्यातून मद्रासला शिकायला आलेल्या मुलाला प्रवेश मिळे, फी भरता येई, पण जेवायचं कुठे? शहरातल्या बहुतेक खानावळी ब्राह्मणांच्या. तिथे एक तर त्याला वेगळं बसवत, नाहीतर दारातूनच परत पाठवत. राहायच्या जागांचंही तेच. कॉलेजची फाटकं कायद्याने उघडी होती, पण फाटकापर्यंत रोज पोहोचायला रात्री कुठेतरी निजावं आणि सकाळी काहीतरी खावं लागतं, याचा कायद्याने विचार केला नव्हता. त्या काळात मद्रास इलाख्यात ब्राह्मण लोकसंख्येत साधारण तीन टक्के होते. विद्यापीठाच्या 650 नोंदणीकृत पदवीधरांत मात्र 452. बुद्धीचं माप म्हणून हा आकडा त्या वेळी बऱ्याच जणांनी मिरवला. मला त्यात खानावळींचं मापही दिसतं.

आता आश्चर्याचा भाग. या घरात राहून गेलेल्यांत आर. के. षण्मुखम चेट्टी यांचं नाव घेतलं जातं. स्वतंत्र भारताचं पहिलं अंदाजपत्रक नोव्हेंबर 1947 मध्ये मांडणारे अर्थमंत्री ते हेच. आणि ज्यांनी हे घर काढलं ते नटेश मुदलियार, त्यागराय चेट्टी आणि टी. एम. नायर यांच्यासोबत नोव्हेंबर 1916 मध्ये एका पक्षाच्या स्थापनेला बसले. तो पक्ष म्हणजे जस्टिस पार्टी. 1920 मध्ये ती सत्तेवर आली, 1921 मध्ये नोकऱ्यांत जातवार वाटा ठरवणारा ‘कम्युनल जीओ’ हा सरकारी हुकूम तिच्या राजवटीत निघाला, 1944 मध्ये पेरियार ई. व्ही. रामस्वामींनी तिचं द्राविडर कळघम केलं, त्यातून 1949 मध्ये अण्णादुराईंचा द्रमुक फुटून निघाला, आणि 1967 मध्ये तो सत्तेवर आल्यावर पुढची पन्नासाहून अधिक वर्षं तमिळनाडूवर कोणत्या ना कोणत्या द्रविड पक्षाचंच राज्य राहिलं. एका वसतिगृहातून सगळं झालं, असं म्हणणं बाळबोध ठरेल. पण ‘द्रविड’ हा शब्द व्याकरणाच्या आणि वंशशास्त्राच्या पुस्तकांतून निघून जेव्हा माणसांच्या रोजच्या पत्त्यात शिरला, तेव्हाचा एक पत्ता ट्रिप्लिकेनचा होता. वंशाच्या नावाने चालणारं विद्यार्थ्यांचं घर. अमेरिकेतल्या विद्यापीठांत ज्यावर आज वाद झडतात, ते इथे पहिल्या महायुद्धाच्या काळात होतं.

आणि याच ट्रिप्लिकेनमध्ये 1957 साली पेरियारांचे कार्यकर्ते ‘मुरलीज कॅफे’ नावाच्या हॉटेलसमोर रोज निदर्शनं करत होते. हॉटेलच्या पाटीवर ‘ब्राह्मण’ हा शब्द होता आणि तो पुसावा, एवढीच मागणी. कित्येक महिने हे चाललं, शेकड्यांनी माणसं तुरुंगात गेली, आणि शेवटी 1958 मध्ये शब्द गेला. वसतिगृह निघालं ते खानावळीमुळे आणि चाळीस वर्षांनीही भांडण खानावळीच्याच दारात होतं. या सगळ्या इतिहासात मला जे सापडत गेलं ते हे: वाद झोपण्याच्या जागेवरून पेटलेला दिसतो, पण ठिणगी जवळजवळ नेहमी स्वयंपाकघरात पडलेली असते.

याचा सगळ्यात चक्रावून टाकणारा पुरावा लंडनमार्गे येतो.

1905 मध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी उत्तर लंडनच्या हायगेट भागात ‘इंडिया हाऊस’ उघडलं. आपण ते क्रांतिकारकांचा अड्डा म्हणून ओळखतो, आणि तो होताच. पण अधिकृतपणे ते होतं विद्यार्थ्यांचं वसतिगृह. काळ्या-सावळ्या भाडेकरूला इंग्रज घरमालकीण खोली द्यायला कुरकुरत असे, म्हणून हिंदी मुलांसाठी वेगळं घर. तिथे सावरकर राहिले. आणि सावरकरांचा जिवलग झालेला एक तमिळ तरुण राहिला: वराहनेरी वेंकटेश सुब्रह्मण्य अय्यर, ऊर्फ व्ही. व्ही. एस. अय्यर.

अय्यर पुढे पाँडिचेरीमार्गे मायदेशी परतले आणि 1922 मध्ये त्यांनी तिरुनेलवेलीकडे एक गुरुकुल काढलं. ते लवकरच चेरन्महादेवी या गावी नेलं गेलं आणि त्याच नावाने इतिहासात गेलं. राष्ट्रीय शिक्षण, मातृभाषा, अंगमेहनत, सगळं काही उदात्त. तमिळनाडू काँग्रेसने दहा हजार रुपये कबूल केले, त्यातले पाच हजार दिलेही. मुलं सगळ्या जातींची. फक्त दोन ब्राह्मण मुलं वेगळी जेवत. त्यांच्या घरच्यांची तशी अट होती आणि अय्यरांनी ती मान्य केली होती.

दोन मुलं. दोन पानं. त्यावरून अख्ख्या प्रांताची काँग्रेस दुभंगली. तिचे चिटणीस ई. व्ही. रामस्वामी, म्हणजे पुढचे पेरियार, आणि वरदराजुलु नायडू यांनी हा भेद काँग्रेसच्या पैशावर चालू देणार नाही असं बजावलं. गांधीजींनाही मध्ये पडावं लागलं. अय्यरांना संस्था सोडावी लागली आणि 1925 च्या जूनमध्ये पापनाशमच्या धबधब्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, कांचीपुरमच्या परिषदेत, पेरियारांनी काँग्रेस सोडली. ज्याला लंडनमध्ये रंगामुळे खोली मिळणं कठीण, त्याच माणसाला आपल्या आश्रमात दोन वेगळी पानं खटकली नाहीत. अय्यर दुष्ट नव्हते. पालकांचं मन मोडू नये, मुलं तर यावीत, पुढे हळूहळू होईल, असा विचार करणारे होते. असा विचार करणारी माणसं प्रत्येक संस्थेत असतात, आणि बहुधा तीच संस्था चालवत असतात.

आता त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं पाहा. 1924 मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. महार, मराठा, जैन, मुसलमान, सगळी मुलं एका छपराखाली, आणि मुख्य म्हणजे एका चुलीवरचं जेवणारी. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासकट, मोडले. 1927 च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याचं ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. तर 1925 च्या जानेवारीत बहिष्कृत हितकारिणी सभेने, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी, सोलापुरात अस्पृश्य मुलांसाठी स्वतंत्र वसतिगृह उघडलं. चेरन्महादेवी, सातारा, सोलापूर. दोन-तीन वर्षांच्या आत तीन ठिकाणी तीन चुली पेटल्या. पहिलीजवळ सगळे एकत्र राहतात पण दोघं वेगळे जेवतात. दुसरीजवळ सगळे एकत्र राहतात, एकत्र जेवतात. तिसरीजवळ एकाच समाजाची मुलं राहतात, कारण बाकी कोणी त्यांना पंगतीला घेत नाही. वेगळं ठेवावं की एकत्र, या प्रश्नावर भारतात आजवर जे काही बोललं गेलं, ते सगळं या तीन चुलींभोवती बसतं.

आणि ज्यांच्या नावाने साताऱ्याचं एकत्र बोर्डिंग निघालं, ते शाहू महाराज स्वतः जातवार बोर्डिंगांचे महापुरस्कर्ते! हा विरोधाभास उलगडायचा तर कोल्हापूरला दसरा चौकात उभं राहावं. मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, थोड्या अंतरावर जैन बोर्डिंग. महाराजांनी सुरुवात अशी केली नव्हती. 1896 मध्ये त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढलं. थोड्याच काळात त्यात ब्राह्मण मुलंच उरली. बाकीची आली नाहीत किंवा टिकली नाहीत. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की सगळे आत येतात, हा समज महाराजांनी करून पाहिला आणि सोडून दिला. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत, दैवज्ञ, नामदेव शिंपी, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीचं नाव त्याला दिलं होतं. असं करत करत महाराजांच्या हयातीत वीस-बावीस बोर्डिंगं उभी राहिली. कोल्हापूरला ‘वसतिगृहांची जननी’ म्हणतात ते यामुळे. महाराजांची चाल अशी होती: प्रत्येक जातीतला पैसेवाला आपल्या जातीच्या मुलांसाठी खिशात हात घालतो, तर घालू दे. दरबार जमीन देईल, अनुदान देईल. एकदा पोरं शिकून उभी राहिली की ती बरोबरीने एकमेकांत मिसळतील. म्हणजे जातीचा अभिमान जात मोडायच्या कामाला जुंपायचा. हे धाडस होतं, आणि त्यातला धोकाही उघड होता.

तो धोका दाखवून दिला एका विद्यार्थ्यानेच. भाऊराव पाटील कोल्हापुरात शिकत असताना जैन बोर्डिंगमध्ये राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर त्यांना सांगण्यात आलं, अस्पृश्यांत जाऊन आलास, आंघोळ करून आत ये. त्यांनी नकार दिला. त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. तेव्हा तिथले सुपरिंटेंडेंट होते अण्णासाहेब लठ्ठे, सत्यशोधक चळवळीतलं बडं नाव, पुढे शाहू महाराजांचं इंग्रजी चरित्र लिहिणारे! भल्या माणसांच्या हातूनच असे नियम पाळले जातात, ही चेरन्महादेवीचीच गोष्ट कोल्हापुरात पंधराएक वर्षं आधी घडून गेली होती. शाहूंच्या बोर्डिंगने भाऊरावांना शिकवलं, त्याच व्यवस्थेतल्या एका बोर्डिंगने त्यांना बाहेर काढलं, आणि त्यांनी साताऱ्यात जे उभं केलं त्याला नाव दिलं शाहूंचंच. मला यात विसंगती वाटत नाही. महाराजांनी ज्याला पहिली पायरी मानलं होतं, तिच्यावर उभं राहून भाऊराव दुसरी चढले. मात्र पहिल्या पायरीवरच संसार थाटून बसलेली बोर्डिंगंही आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या सभागृहात वधूवर मेळावे होतात.

अमेरिकेतला वाद याच्या जुळ्या भावासारखा आहे. 1954 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात सांगितलं की शाळेत वेगळं ठेवणं हेच मुळात असमान ठेवणं आहे. त्या निकालाला ज्या संशोधनाचा आधार होता, ते केनेथ क्लार्क आणि त्यांच्या पत्नी मेमी या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी केलं होतं. लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून. पंधरा वर्षांनी, 1969 मध्ये, ओहायोच्या अँटिऑक कॉलेजात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी स्वतःसाठी वेगळी इमारत मागितली आणि कॉलेजने ती दिली. कॉलेजच्या विश्वस्तांत असलेल्या क्लार्क यांनी राजीनामा दिला. ज्या भिंती पाडण्यात उमेद गेली, त्या आपल्याच मुलांनी हौसेने परत बांधाव्यात, हे त्यांना सहन झालं नाही. मुलांचं म्हणणं वेगळं होतं: तेव्हा आम्हाला कोंडलं होतं, आता आम्ही निवडतोय. हजार गोऱ्यांत आम्ही तीस. दिवसभर प्रत्येकाला स्वतःचं स्पष्टीकरण देत फिरायचं, रात्री तरी ते करावं लागू नये.

सार्वजनिक विद्यापीठांना हा प्रश्न जास्त जाचतो, कारण 1964 च्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्याला वंशावरून भेद करता येत नाही. त्यांनी पळवाट काढली ती विषयाची. बर्कलीत आफ्रिकन-अमेरिकन ‘थीम’ असलेलं निवासस्थान आहे, 2016 मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने आणि लॉस एंजेलिसच्या कॅल स्टेटने अशी निवासं सुरू केली तेव्हा मोठा गदारोळ झाला. अर्ज कोणीही करावा, फक्त विषय कृष्णवर्णीयांच्या अनुभवाचा, असं ते सांगतात. कागदावर दार सगळ्यांना उघडं, प्रत्यक्षात कोण येणार ते ठरलेलं. 1896 च्या कोल्हापूरची ही उलटी बाजू झाली. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकी शिक्षण खात्याने पत्र काढून निवासव्यवस्थेतही वंशाचा विचार करू नका असं बजावलं, ऑगस्टमध्ये न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, आणि वाद होता तिथेच आहे.

आपल्याकडे कायद्याचा रस्ता वेगळ्या बाजूने गेला, आणि तोही मद्रासमधूनच. कम्युनल जीओच्या वाटणीमुळे वैद्यकीय प्रवेशात आपल्यावर अन्याय होतो म्हणून चंपकम दोराईराजन यांनी दाद मागितली. 1951 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जीओ घटनाबाह्य ठरवला. लगेच जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती आली आणि कलम 15 ला चौथं उपकलम जोडलं गेलं: मागासवर्गीयांच्या उन्नतीसाठी राज्याला खास तरतूद करता येईल. चर्चा कॉलेजातल्या जागांची होती, पण खाटांनाही तेच छप्पर मिळालं. अमेरिकेत सरकारी विद्यापीठाला जे आडवळणाने करावं लागतं, ते आपल्याकडे राज्य उघडपणे, पाटी लावून करू शकतं. म्हणूनच आपला वाद पाटीवर काय लिहावं याचा होतो.

पण ज्या इमारतींवर जातीची पाटीच नाही, तिथे काय? आयआयटी मद्रासच्या वसतिगृहांना नद्यांची नावं आहेत: गंगा, गोदावरी, कृष्णा, कावेरी, ताम्रपर्णी. याहून निर्मळ नामकरण शोधून सापडणार नाही. तिथल्या ‘हिमालय’ मेसमध्ये डिसेंबर 2018 मध्ये पत्रकं झळकली: शाकाहारींनी या दाराने आत यावं, मांसाहारींनी त्या. हात धुवायची बेसिनंही वेगळी. आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलच्या मुलांनी बोभाटा केला, प्रशासनाने ठेकेदाराकडे बोट दाखवलं, पत्रकं उतरवली गेली. पवईतल्या आपल्या आयआयटीत 2023 मध्ये ‘इथे फक्त शाकाहारींनी बसावं’ अशी चिठ्ठी आधी एका वसतिगृहाच्या कँटीनमध्ये दिसली, आणि काही महिन्यांत तीन वसतिगृहांच्या मेसमध्ये सहा टेबलं अधिकृतपणे शाकाहारींसाठी राखली गेली. निषेध म्हणून तिथे बसून मांसाहार करणाऱ्या एका विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. मांसाच्या वासाने एखाद्याला खरोखर मळमळतं, हे मला मान्य आहे. पण वेगळं दार आणि वेगळं बेसिन म्हटलं की चेरन्महादेवीची ती दोन पानं आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिथेही कारण घरच्यांच्या अटीचंच दिलं गेलं होतं.

आता पुन्हा तमिळनाडूच्या पाट्यांकडे. नाव काढण्याच्या बाजूने सगळ्यात वजनदार आवाज होता न्यायमूर्ती के. चंद्रू यांचा. ‘जय भीम’ सिनेमातला वकील ज्यांच्यावर बेतलेला आहे, तेच. ऑगस्ट 2023 मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत एका दलित शाळकरी मुलावर आणि त्याच्या बहिणीवर त्याच्याच शाळेतल्या मुलांनी घरात घुसून कोयत्याने वार केले. त्यानंतर चंद्रू यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली. जून 2024 च्या अहवालात त्यांनी शाळांच्या नावांतून जाती काढा म्हटलं, मनगटावरचे जातीचे रंगीत दोरे बंद करा म्हटलं. तमिळनाडूत मुलं कुठल्या रंगाचा दोरा बांधतात त्यावरून जात कळते. आडनावं त्यांनी बहुतेक टाकून दिली आहेत. जात दोऱ्यातून परत आली.

मग नाव काढायला विरोध कोणाचा? उच्चवर्णीयांचा नव्हे. मदुराईकडच्या कळ्ळर समाजातून मोठा आवाज उठला. इंग्रजांनी पिरमलै कळ्ळरांना गुन्हेगार जमात ठरवलं होतं. बोटांचे ठसे घ्यायच्या सक्तीला नकार दिला म्हणून 3 एप्रिल 1920 ला पेरुंगामनल्लूर गावात गोळीबार झाला आणि डझनाहून अधिक माणसं मेली. त्यानंतर ‘कळ्ळर सुधारणा’ या नावाने शाळा आणि वसतिगृहं निघाली. नाव इंग्रजी सरकारने दिलेलं, अपमानातून जन्मलेलं. पण शंभर वर्षांत समाजाने ते आपलं केलं, त्यासाठी आपल्या जमिनी आणि पैसाही घातला. आता सरकार म्हणतं, हा शिक्का आहे. ते म्हणतात, ही आमची मिळकत आहे. आदिद्रविडर मुलाला पाटीखालून जाताना जे वाटतं, ते कळ्ळर मुलाला वाटत नसेल, कारण गावात त्याच्या जातीचं वजन आज निराळं आहे. एकाच कुंचल्याने दोन्ही पाट्या रंगवल्या, तरी दोघांच्या वाट्याला एकच गोष्ट आलेली नाही.

टीकाकारांनी विचारलं, नाव बदलून गळकं छत आणि बंद पडलेली मोरी दुरुस्त होते का? प्रश्न योग्य आहे. माझा कल विचाराल तर पाटीच्या बाजूने थोडा आणि पंगतीच्या बाजूने जास्त आहे. त्या इतरांसाठी राखलेल्या दहा आणि पाच टक्के खाटा भरल्या जातील, परजातीची मुलं तिथे आपणहून येऊन तेच सांबार ओरपतील, तेव्हा पाटीवर काय लिहिलंय याची फिकीर कमी होईल. ती मुलं का येत नाहीत, याची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागणार नाही. त्यांच्या आईवडिलांना विचारलं तरी पुरे.

आणि वसतिगृहंच नकोत, मुलांच्या हातात पैसे द्या, ती खोली भाड्याने घेतील, असं म्हणणारेही आहेत. महाराष्ट्रात वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी ‘स्वाधार’ योजना तेच करते. त्यांनी अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेली पाहणी वाचावी. 2015 मध्ये ती प्रसिद्ध झाली. पद्धत साधी: भाड्याच्या घराची जाहिरात पाहून फोन करायचा, नाव सांगायचं, घरमालक काय म्हणतो ते लिहून घ्यायचं. नोकरी तीच, भाडं द्यायची तयारी तीच, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाला फोनवर कोणी नाही म्हटलं नाही. दलित वाटणाऱ्या नावांपैकी साधारण 18 टक्क्यांना फोनवरच नकार मिळाला, मुसलमान नावांपैकी 31 टक्क्यांना.